वर्गात बसून केलेली सहल

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने शाळेविषयी काहीतरी लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा आम्हांस फार वेळ विचार करावा लागला नाही. तीन वर्षांपूर्वी आपल्या ट्रस्टने आमच्या शाळेस एक प्रोजेक्टर व पांढरा पडदा दिला. ज्यांनी त्यासाठी पदरमोड केली, त्यांस त्या वस्तूंचे पुढे काय झाले हे समजण्याचा हक्क आहे. त्या पडद्यावर आम्ही मुलांस दूरदूरची स्थळे दाखविली. त्यात काय चुकले, काय साधले आणि काय साधणे शक्यच नाही, याचा हा हिशेब आहे.

सहलीची यादी

दिवाळीची सुटी संपली की शाळेच्या फलकावर सहलीची सूचना लागते आणि तिच्याखाली नावांची यादी वाढू लागते. आमचे लक्ष मात्र पुष्कळ वर्षे त्या यादीत नसलेल्या नावांकडे असे. एका वर्षी सातवीच्या ४६ मुलांपैकी १७ नावे यादीत आली नाहीत. कारणे सर्वांस ठाऊक आहेत. कोणाच्या घरी त्या महिन्यात पैशांची ओढ असते. कोणाच्या घरी मुलीने रात्री उशिरा परतणे चालत नाही. एक मुलगा पायाने अधू होता. परंतु मुले खरे कारण सांगत नाहीत. "मला सहल आवडत नाही, सर," असे म्हणतात आणि वहीत डोके घालतात. सहलीच्या दिवशी पहाटे बस निघून जाते. ही सतरा मुले नेहमीप्रमाणे अकरा वाजता शाळेत येतात, रिकाम्या बाकांवर बसतात, आणि शिक्षक त्यांस शुद्धलेखन घालतात. मुलांस असे शुद्धलेखन घालणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे कबूल केले पाहिजे.

ज्यास हल्ली व्हर्च्युअल फील्ड ट्रिप म्हणतात, त्या प्रकाराकडे आम्ही वळलो तो या सतरा मुलांमुळे. आम्ही त्यास साधे नाव दिले, पडद्यावरची सहल.

कल्पना जुनीच आहे

ही गोष्ट कालपरवाची आहे असे समजण्याचे कारण नाही. स्थळ दूर असेल तर त्याचे चित्र माणसांपुढे आणावे, ही इच्छा फार जुनी आहे. सन १८३८ मध्ये इंग्लंडात चार्ल्स व्हीटस्टन यांनी स्टिरिओस्कोपचे तत्त्व मांडले. दोन डोळ्यांस किंचित भिन्न अशी दोन चित्रे दाखविली की ती मिळून एकच खोलगट, भरीव दृश्य दिसते. पुढे अशी जोडचित्रे अमेरिकेतील शाळांतून भूगोल शिकविण्यास वापरली गेली. आपल्याकडे कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास काचेवर रंगविलेली चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर टाकून खेळ दाखविण्यास आरंभ केला. त्यास ते शांबरिक खरोलिका म्हणत. लोकांनी कधी न पाहिलेले प्रसंग त्यांच्यासमोर हलू लागले.

याहून जवळचे उदाहरण आमच्याच भागातील आहे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे पाठ पोहोचविण्याचा सरकारी प्रयोग झाला. कर्नाटकातून त्यासाठी जे जिल्हे निवडले, त्यांत विजापूर होता. सकाळी शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम असत. ज्या खेड्यात वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी पोहोचे, तेथील मुले शाळेच्या ओसरीत बसून दूरचे जग पाहत.

आता साधने पुष्कळ झाली आहेत. २००५ पासून गूगल अर्थवर सारी पृथ्वी उपग्रहातून पाहता येते. आपल्या इस्रोचे भुवन हे संकेतस्थळ २००९ मध्ये सुरू झाले. जुलै २०२२ मध्ये हैदराबाद, पुणे, नाशिक, वडोदरा यांसह दहा शहरांतील रस्ते स्ट्रीट व्ह्यूवर पायी चालल्यासारखे पाहण्याची सोय झाली. साधनांची उणीव नाही. उणीव कशाची आहे, ते आम्हांस पहिल्याच दिवशी कळले.

पहिला प्रयोग फसला

उत्साहाच्या भरात आम्ही पस्तीस मिनिटांच्या एका तासात मुलांस ईजिप्तचे पिरॅमिड, आग्ऱ्याचा ताजमहाल, नायगाराचा धबधबा आणि एव्हरेस्ट असे सर्व काही दाखविले. मुले खूष झाली आणि आम्हीही खूष झालो. दुसऱ्या दिवशी पाहिलेल्या गोष्टींवर दहा ओळी लिहावयास सांगितल्या. बहुतेकांनी "फार छान होते, फार मोठे होते" एवढेच लिहिले. एकाने तर पिरॅमिड नायगाराच्या काठी नेऊन बसविला.

दोष मुलांचा नव्हता. त्यांच्यापाशी एकही प्रश्न नसता आम्ही त्यांस तीन खंडांतून धावडविले होते. बाजारात काय आणावयाचे हे न सांगता मुलास पाठविले, तर तो सारा बाजार हिंडून रिकाम्या हाताने परत येतो, तसेच झाले.

गोलघुमट

त्या वर्षीची शाळेची सहल विजापुरास, म्हणजे हल्लीच्या विजयपुरास जावयाची होती. बेळगावाहून हे अंतर दोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. बस जाईल त्याच दिवशी मागे राहिलेल्या सतरा जणांस पडद्यावर तेच स्थळ दाखवावयाचे, असे आम्ही ठरविले. या खेपेस आधीच्या दिवशी प्रत्येकाकडून एक प्रश्न लिहून घेतला. अट एवढीच, की त्याचे उत्तर डोळ्यांनी शोधता आले पाहिजे. कोपऱ्यावरच्या मनोऱ्यांस किती मजले आहेत? आत खांब किती? चौकोनी इमारतीवर गोल घुमट बसला कसा? असे प्रश्न आले. यांतला शेवटचा प्रश्न एका मुलीचा होता, आणि त्याने आमचे पुढचे चार तास व्यापून टाकले.

प्रथम मुलांनी उपग्रहाच्या चित्रात बेळगाव शोधले, मग ईशान्येकडे सरकत विजयपूर गाठले. नकाशावर अंतर मोजण्याची जी पट्टी असते, तिने इमारतीची बाहेरची बाजू मोजली, ती ४७-४८ मीटर भरली. नंतर लोकांनी तेथे जाऊन काढलेली चहूबाजूंची छायाचित्रे पाहिली. मनोऱ्यांचे मजले मोजले, ते सात निघाले. आत खांब शोधले, ते मिळाले नाहीत. एवढ्या मोठ्या दालनात एकही खांब नाही, हे मुलांनी स्वतः हुडकले. आम्ही सांगितले असते तर ते वहीत गेले असते आणि तेथेच राहिले असते.

मग माहिती दिली. मुहम्मद आदिलशहा १६२७ ते १६५६ या काळात विजापूरच्या गादीवर होता. ही त्याची कबर. वास्तुकार म्हणून दाभोळच्या याकूताचे नाव सांगितले जाते. दाभोळ हे आपल्या कोकणातले बंदर, हे ऐकताच वर्गातील एकाने, "म्हणजे आमच्या आजोळकडचा!" असे म्हटले. आतील दालनाची बाजू सुमारे ४१ मीटर आहे आणि घुमटाचा आतील व्यास सुमारे ३८ मीटर. रोमच्या पँथिअनचा प्राचीन घुमट सुमारे ४३ मीटर व्यासाचा आहे. त्याच्याशी तुलना केली म्हणजे विजापूरच्या कारागिरांनी केवढे धाडस केले ते ध्यानात येते.

चौकोनावर गोल कसा बसला, याचे उत्तर चित्राकडे पाहून मिळेना. तेव्हा पडदा बंद करून सर्व जण खडू व सुतळी घेऊन वऱ्हांड्यात गेलो. फरशीवर एक वर्तुळ काढले. त्यात एक चौरस काढला. मग दुसरा चौरस पहिल्यावर तिरपा, पंचेचाळीस अंशांनी फिरवून काढला. आठ टोकांची चांदणी झाली, आणि तिच्या पोटात आपोआप अष्टकोन तयार झाला. गोलघुमटात आठ मोठ्या कमानी अशाच एकमेकींस छेदत जातात. चौकोनाचा अष्टकोन होतो, आणि अष्टकोनावर वर्तुळ सहज बसते. शिवाय घुमटाचा रेटा बाहेर असतो, तर या कमानींमधील बांधकामाचा भार आत झुकलेला असतो. दोन्ही परस्परांस सावरतात. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता, तिने ती चांदणी दुसऱ्या दिवशी कोणाच्या मदतीवाचून फळ्यावर काढून दाखविली.

पटांगण अपुरे पडले

एक गोष्ट तरीही राहिली होती. पडद्यावर घुमट दीड हात दिसतो. ताजमहालही दीड हात आणि डासही दीड हात. आकाराची जाणीव पडदा देऊ शकत नाही, कारण तो प्रत्येक वस्तूस आपल्या मापात बसवितो. म्हणून आम्ही ४१ मीटर लांबीचा दोर मोजून पटांगणात नेला. एका मुलाने एक टोक धरले आणि दुसरा चालू लागला. तो कुंपणापाशी पोहोचला तरी नऊ मीटर दोर हातात उरला. आमच्या शाळेचे सबंध पटांगण त्या एका दालनात मावून वर जागा उरेल, हे कळल्यावर मुले क्षणभर गप्प झाली.

ध्वनीचे गणितही त्याच दिवशी केले. घुमटाच्या आतल्या सज्जात एका बाजूस कुजबुजले तर समोरच्या बाजूस ऐकू येते. ध्वनी सेकंदास सुमारे ३४० मीटर जातो. ३८ मीटर ओलांडण्यास त्यास सुमारे ०.११ सेकंद लागतात, आणि जाऊन परत येण्यास ०.२२ सेकंद. मूळ आवाज व प्रतिध्वनी यांत निदान एक दशांश सेकंदाचे अंतर असले तरच कानास दोन्ही वेगळे कळतात. म्हणजे भिंत किमान १७ मीटर दूर हवी. शाळेमागे एका गोदामाची लांब कोरी भिंत आहे. तिच्यापासून ३८ मीटरांवर उभे राहून टाळ्या वाजविल्या, आणि आमचा घुमट आम्हांस मिळाला.

बस परत आल्यावर

दुसऱ्या दिवशी विजयपुरास गेलेली मुले शाळेत आली. मागे राहिलेल्यांनी त्यांस गराडा घातला. एरवी अशा वेळी गेलेले बोलतात आणि राहिलेले ऐकतात. त्या दिवशी राहिलेले प्रश्न विचारू लागले. "मनोऱ्याला मजले किती?" कोणी पाच म्हणाला, कोणी नऊ. "सात," असे उत्तर एका न गेलेल्या मुलीने दिले. "कमानी किती होत्या?" कोणासही सांगता येईना. जे प्रत्यक्ष जाऊन आले, त्यांच्यापेक्षा न गेलेल्यांनी अधिक पाहिले होते!

येथेच हा लेख संपविता आला असता, तर आमची फुशारकी छान शोभली असती. पण पुढे त्याच मुलीने विचारले, "आणि आवाज कसा येतो?" गेलेल्यांपैकी एक मुलगा तोंडाभोवती हात धरून आवाज काढू लागला. एकदा, दोनदा, तीनदा काढून पाहिला. शेवटी तो म्हणाला, "नाही गं, तसा नाही. तो मागून येतो आणि कानातच बसतो." ती मुलगी काही बोलली नाही. गोदामाच्या भिंतीवरचा प्रतिध्वनी तिने ऐकला होता, पण कानात बसणारा आवाज ऐकला नव्हता. तो ऐकविणे आमच्या हाती नव्हते, आणि प्रोजेक्टरच्याही नव्हते.

एका पारड्यात प्रश्न होते, दुसऱ्यात अनुभव. दोन्ही एकाच मुलास का मिळू नयेत, हा विचार तेव्हापासून आमच्या मनातून गेला नाही.

माणसांमार्फत सहल

पडद्यावरच्या सहलीचा आणखी एक प्रकार आम्हांस मुलांनीच शिकविला. आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे अब्बा, काका, मामू आखातात कामास आहेत. एका विद्यार्थिनीच्या मामूंनी सुटीच्या दिवशी दुबईच्या खाडीकाठून व्हिडिओ कॉल केला. लाकडी गलबतांवर माल चढत होता तो आम्ही वर्गात बसून पाहिला. आमच्या घड्याळात साडेअकरा झाले होते, त्यांच्या घड्याळात दहा. हा दीड तास आला कोठून? भारताची प्रमाणवेळ ८२½ अंश पूर्व रेखांशाची, तेथील वेळ ६० अंशांची. फरक २२½ अंशांचा, आणि प्रत्येक अंशास चार मिनिटे. म्हणजे बरोबर नव्वद मिनिटे. एका मुलाने मध्येच विचारले, "मामू, तुमची सावली दाखवता का?" त्यांनी फोन खाली केला. त्यांची सावली आमच्या पटांगणातील सावलीहून लांब होती. एक तर तेथे सूर्य अजून तितका वर आला नव्हता, आणि दुसरे, दुबई आपल्याहून उत्तरेस आहे. रेखांश व अक्षांश यांचा जो धडा आम्ही सात वर्षे शिकवीत होतो, तो त्या दिवशी एका सावलीने शिकविला. या सहलीचा खर्च कोणास काहीही आला नाही, आणि ती मुलगी महिनाभर वर्गात ताठ मानेने वावरत होती.

काय दाखवावे, काय दाखवू नये

अनुभवाने आम्ही काही नियम ठरविले आहेत. इतर शिक्षकांस व पालकांस ते उपयोगी पडतील म्हणून देतो.

एका तासास एकच स्थळ घ्यावे. पाहण्याचा वेळ वीस मिनिटांहून अधिक नसावा. त्याआधी प्रश्न लिहावेत आणि नंतर हातांनी काहीतरी करावे. मोजावे, रेखाटावे, मातीत उठवावे.

जे जवळ आहे ते पडद्यावर दाखवू नये. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती व साफा मशीद पायी जाऊन पाहावी. गोकाकचा धबधबा पावसाळ्यात तेथे जाऊन ऐकावा. त्याचे तुषार अंगावर आले पाहिजेत.

जे पायांनी दिसत नाही ते मात्र पडद्यावरच पाहावे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर काठावरून सुंदर दिसते, पण ते बशीसारखे वाटोळे, पावणेदोन-दोन किलोमीटर व्यासाचे विवर आहे आणि बेसॉल्टच्या खडकावर आकाशातून आदळलेल्या अशनीने ते पडले आहे, हे वरून पाहिल्यावरच पटते. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, ते मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे. हा बदलही उपग्रहाच्या चित्रांत दिसतो.

कोणत्याही एका साधनावर विसंबू नये. शाळांसाठीच तयार झालेले गूगलचे एक्स्पिडिशन्स हे साधन ३० जून २०२१ रोजी बंद झाले. चित्रे आदल्या दिवशी उतरवून ठेवावीत, कारण वीज आणि इंटरनेट शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे वागत नाहीत. दोन्ही गेली तर खडू व सुतळी जवळ असावी.

एक धोका

आमचे हे प्रयोग पाहून एक सद्गृहस्थ आम्हांस म्हणाले, "हे उत्तम झाले. आता बसचा खर्च वाचला. ज्यांना परवडत नाही त्यांना पडदा आहेच." त्यांचा हेतू चांगला होता, म्हणून आम्ही वाद घातला नाही. परंतु येथे स्पष्ट लिहितो. ज्यांच्यापाशी पैसे आहेत त्यांनी विजयपूर पाहावे आणि ज्यांच्यापाशी नाहीत त्यांनी विजयपुराचे चित्र पाहावे, अशी व्यवस्था झाली, तर तो प्रोजेक्टर शाळेत आला नसता तर बरे झाले असते असे आम्ही म्हणू. पूर्वी त्या सतरा मुलांस आपण मागे राहिलो हे निदान ठाऊक तरी असे. आता त्यांस "तुम्ही पाहिलेच की" असे सांगून तेही नाकारले जाईल.

पडद्यावरची सहल सर्वांनी करावी, जाणाऱ्यांनी आणि न जाणाऱ्यांनीही. ती सहलीची तयारी आहे, सहलीचा मोबदला नव्हे.

गेल्या वर्षी ट्रस्टच्या काही सभासदांनी नाव न सांगता सहलीची वर्गणी भरली. आधी आठ दिवस सर्व वर्गाने पडद्यावर गोलघुमट पाहिला, प्रश्न लिहिले, चांदण्या काढल्या. त्या वर्गातील ४४ पैकी ४१ मुले विजयपुरास गेली. त्यांत पायाने अधू असलेला आमचा तो विद्यार्थीही होता. तो आता आठवीत असूनही या सहलीत आला. सज्जाकडे जाणारे मनोऱ्यातील जिने त्यास चढवले नाहीत. तो खाली दालनात बसला आणि वर न गेलेल्या चार-पाच प्रवाशांस, अनोळखी माणसांस, कमानी कशा छेदतात हे बोटाने दाखवून समजावीत होता. पूर्वी प्रश्न विचारणारी ती मुलगीही आली होती. सज्जातून खाली उतरल्यावर तिला विचारले, "कसा येतो आवाज?" ती हसली व म्हणाली, "सर, सांगता येत नाही."

तीन नावे अजून यादीबाहेर राहिली. त्यांतील दोघांच्या घरी केवळ पैशांचा प्रश्न नव्हता. तेथे जाऊन, बसून, आईवडिलांशी बोलावयास हवे होते, आणि ते आमच्याकडून वेळेत झाले नाही.

सभासद बंधुभगिनींस आमची विनंती एवढीच आहे. आपल्यापैकी कोणी उद्यमबागेत ओतकामाचा कारखाना चालवितात, कोणी परदेशी आहेत, कोणी बोटीवर आहेत. आपल्या कामाची जागा वर्षातून एक तास मुलांस दाखवा. जवळ असेल तर दार उघडून, दूर असेल तर फोनवरून. आणि सहलीची यादी लागेल तेव्हा तिच्यात कोणती नावे नाहीत, हे विचारावयास एकदा शाळेत या.